तिमोआला बारा माणसं कमी

टेंभुर्डे हे गाव एका अख्ख्या देशापेक्षा बत्तीस माणसांनी लहान आहे, ही बातमी कळली त्या दिवशी गावात कोणालाच वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्या दिवशी वाटलं, सरपंच भागवतअण्णा भारंबे यांनी ती चष्मा लावून वाचली तेव्हा.

"बत्तीस? फक्त बत्तीस?" अण्णा म्हणाले. "अन् त्याला देश म्हणतात?"

"हो अण्णा," कुमुदिनी म्हणाली. "तिमोआ. पॅसिफिक महासागरात आहे. त्यांना झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, ऑलिम्पिकला त्यांचा एक पोहणारा जातो."

"अन् आपल्याला काय आहे?"

"आपल्याला पाण्याची टाकी आहे."

अण्णांनी खिडकीतून टाकीकडे पाहिलं. टाकी गळत होती.

कुमुदिनी वारके ही टेंभुर्डे ग्रामपंचायतीची संगणक परिचालक. वय सव्वीस. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले आणि या दोहोंच्या मध्ये माणसाला लागणारे बाकीचे सगळे दाखले तिच्या प्रिंटरमधून निघत. पण यंदा पंचायतीच्या भिंतीवर विश्वगणनेचा फलक बसला आणि तिचं कामच बदललं.

विश्वगणनेची मूळ गोष्ट ऐकायला साधी आहे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त जोरात वर फेकतं आणि शरीराला तेवढ्यापुरता खाली धक्का बसतो. बंदूक उडाली की दस्ता खांद्यावर आपटतो, तसाच. हा धक्का तळपायातून, खाटेच्या पायातून, फरशीतून जमिनीत उतरतो. तो इतका बारीक की केसाच्या जाडीचे लाखभर भाग केले तरी त्यातला एक त्याच्यापेक्षा मोठा भरेल. पण एव्हाना जगातल्या गल्लीबोळात, बांधाबांधाखाली फायबरच्या केबली पुरलेल्या होत्या. जमीन थरथरली की केबलमधला प्रकाश किंचित विस्कटतो आणि त्यातला थोडा उलटा परत येतो. परत आलेला प्रकाश कसा वाचायचा, हे काही शास्त्रज्ञांना जमलं. त्यांना म्हणे भूकंप ऐकायचे होते. भूकंपांच्या मध्ये जी खरखर ऐकू येत होती ती पुसून टाकायला ते बसले, आणि पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की ही खरखर म्हणजे आपण आहोत. सगळे.

कोणाच्याही हृदयाची लय दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. लग्नाच्या मांडवात पन्नास बाया एकदम बोलत असल्या तरी तान्ह्या बाळाला आईचा आवाज बरोबर कळतो. तसंच ते यंत्र नऊशे कोटींच्या गलक्यातून एकेक हृदय वेगळं काढत असे. नाव कळत नसे, जात कळत नसे, पत्ता कळत नसे. जमिनीला टेकलेलं एक हृदय आहे, एवढंच कळे. (अण्णांनी पहिल्याच दिवशी पंचायतीत बोकड बांधून पाहिला. आकडा हलला नाही. बोकडाला वाईट वाटलं असावं.)

फलकावर नकाशातली कुठलीही हद्द निवडता येई. देश, जिल्हा, गाव. कुमुदिनी दुपारी डबा खाताना सगळे देश एकाखाली एक लावून बसे. भारताच्या आकड्यातला शेवटचा अंक तिला कधीच नीट दिसला नाही. एकशे साठ कोटींच्या टोकाला तो नुसता थरथरत असे, पंख्याच्या पात्यासारखा. तो थरथराट म्हणजे कुठेतरी कोणी पहिला श्वास घेतंय, कोणी शेवटचा, कोणी विमानात चढतंय, कोणी बोटीतून काठावर पाय ठेवतंय. आणि यादीच्या तळाशी तिमोआ. तिथला शेवटचा अंक दोन दोन दिवस हलत नसे. हलला की तिला घास थांबवून विचार करावासा वाटे, की आत्ता तिथे एखाद्या घरात नक्की काहीतरी झालं. एकशे साठ कोटींतल्या घरात झालेलं तिला कधी दिसणार नव्हतं. दहा हजारांतल्या घरातलं दिसत होतं.

तर बत्तीसची तूट. अण्णांनी ग्रामसभा बोलावली.

अण्णांनी आयुष्यात तीन निवडणुका लढवल्या आणि तिन्ही जिंकल्या होत्या. त्यांची पद्धत एकच: माणसं आणणे. मतदानाच्या दिवशी सुरतेला, पुण्याला, नाशकाला कामाला गेलेलं गाव क्रूझर जीपमध्ये भरून आणायचं आणि शाळेच्या दारात रिकामं करायचं. त्यांनी ग्रामसभेत दोनच हुकूम सोडले. बाहेरगावच्या पोरांनी सुट्टी काढून गावी यावं, आणि बाळंतपणाला आलेल्या लेकींना सव्वा महिना पुरता होईपर्यंत सासरी पाठवू नये.

"लेकी म्हणजे एकास दोन," अण्णांनी समजावलं. "जुळं निघालं तं तीन."

आठवड्याभरात टेंभुर्डे देशाच्या पुढे गेलं. एका माणसाने. गावात बँड वाजला. मग तिमोआचा आकडा आपण होऊनच उतरायला लागला. आठवड्याला चार, कधी सात, कधी अकरा. दर घसरणीला पंचायतीसमोर फटाक्यांची माळ लागे, कुमुदिनी त्याचं थेट प्रक्षेपण करी, आणि मथळ्यात लिही: 'टेंभुर्डे १०,१९६ – तिमोआ १०,०५४'. जगभरातले रिकामटेकडे लोक ते बघत. तिला मजा वाटत होती. खोटं कशाला सांगा.

एका सकाळी त्या प्रक्षेपणाखाली एक निरोप आला. भाषांतर यंत्राने त्याचं शाळेच्या पुस्तकातलं मराठी केलं होतं.

'आदरणीय टेंभुर्डे. आपले हार्दिक अभिनंदन. काल आपण ज्या पाच अंकांसाठी फटाके वाजविलेत, ते माझे बंधू, त्यांच्या पत्नी व त्यांची तीन अपत्ये होत. ते विमानाने गेले. त्यांच्या घरात आता भरतीचे पाणी राहते. आपली नम्र, सीना तौफा, गणना अधिकारी, तिमोआ प्रजासत्ताक.'

कुमुदिनीने निरोप दोनदा वाचला. मग तिने आतापर्यंतची सगळी प्रक्षेपणं पुसली. मग तिला वाटलं, पुसून काय होतंय. तिने फोन लावला.

सीना तिच्याच वयाची निघाली, आणि तिच्यासारखीच प्रिंटरशी भांडणारी. पहिली पाच मिनिटं कुमुदिनीने माफी मागितली. नंतर सीनाने जे सांगितलं ते भाषांतराच्या भाषेतही नीट समजलं.

समुद्र चढत होता हे तर खरंच. पण त्याहून जवळचं संकट कागदावर होतं. विश्वगणना आल्यावर देशांनी मिळून एक करार केला होता. जूनच्या तीस तारखेला, स्थानिक वेळेनुसार दुपारी बाराच्या ठोक्याला, ज्या भूमीवर दहा हजार हृदयं नसतील, ती भूमी पुढली दहा वर्षं देश नाही. तिचा झेंडा उतरणार, आणि तिच्या भोवतीचा समुद्र, मासे आणि तळाच्या खनिजांसकट, 'जगाचा' होणार. जग म्हणजे कोण, ते करारात लिहिलेलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

"आणि तीस तारखेला तुमचा आकडा किती असेल?" कुमुदिनीने विचारलं.

"मी मोजले आहे. या शनिवारी सदतीस जण मुंबईमार्गे आखातात कामाला जातील. एक प्रसूती अपेक्षित आहे. नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे बारा कमी."

"बारा कमी," सीना म्हणाली. हे सांगायला भाषांतर यंत्राची गरज पडली नाही. आवाजातच कळलं.

कुमुदिनी अण्णांकडे गेली. अण्णा केळीच्या बागेत घडांना पिशव्या घालत होते. तिने सगळं सांगितलं. अण्णांचे हात थांबले.

"त्या पोरीच्या भावाच्या घरावर आपण माळ लावली?"

"हो अण्णा."

अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "कमी किती म्हणली?"

"बारा."

"बारा? अगं व माय, बारा तं एका क्रूझरमध्ये बसतात!"

"अण्णा, समुद्र आहे मध्ये."

"असू दे ना. मला एवढं सांग, ते यंत्र पासपोर्ट बघतं का?"

कुमुदिनीने करार उघडला. यंत्र पासपोर्ट बघत नव्हतं. 'त्या क्षणी त्या भूमीवर असलेली मानवी हृदयं', असे सरळ शब्द होते. तो नियम मोठ्या देशांनीच आग्रह धरून घातला होता, कारण परदेशांतून आलेले मजूर त्यांना आपल्या आकड्यात हवे होते. आपल्या नागरिकांत नको होते, आकड्यात हवे होते.

"मग झालं तर," अण्णा म्हणाले. "यात लबाडी असलीच तं ती त्यांची. आपण नुसती माणसं आणायची."

गावात एकूण पासपोर्ट निघाले चौदा. त्यातल्या दोघांची मुदत संपलेली. उरले बारा. अण्णांनी याला दैवी संकेत म्हटलं आणि निवडीचा प्रश्नच मिटला. स्वतः अण्णा. दुबईच्या लग्नात वाजवून आलेले बँडवाले चौघे. केळी निर्यातीच्या पॅकिंगचं प्रशिक्षण घ्यायला बाहेर जाऊन आलेल्या तीन बाया. मुलाला भेटायला जायचं म्हणून पासपोर्ट काढलेले आणि मुलाने अजून न बोलावलेले फालक मास्तर आणि त्यांची बायको. त्यांचा शेजारी, ज्याने मास्तरांनी काढला म्हणून काढला. आणि बारावी कुमुदिनी. तिने तो चार वर्षांपूर्वी काढला होता, कशासाठी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"तूच कशाला?" तिच्या आईने विचारलं. "तिथं जाऊन करायचं काय तू?"

"उभं राहायचं, आई."

"उभं राह्यला एवढ्या लांब जाते का कोणी?"

आईने तिच्या पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा भरला, आणि "त्या पोरीला पण दे" असं म्हणून आणखी चार भाकऱ्या वर टाकल्या.

विमानाची सोय सीनाने केली. सोय होतीच. तिमोआहून निघणारं विमान माणसं घेऊन निघे आणि परत येताना रिकामं येई. तीन वर्षं हेच चाललं होतं. मुंबईच्या विमानतळावर ते सदतीस जण शिडीवरून उतरत होते तेव्हा टेंभुर्ड्याचे बारा जण खाली रांगेत उभे होते. दोन्ही रांगा एकमेकींच्या शेजारून गेल्या. एका बाईच्या हातात कुंडी होती, कुंडीत रोप नव्हतं, नुसती माती. तिने कुमुदिनीकडे पाहिलं. जिथून आपण निघालो तिथे ही माणसं कशाला चाललीत, हे तिला समजेना. अण्णांनी टोपी काढली आणि सगळे सदतीस जण जाईपर्यंत ती हातातच धरली.

दोनशे जागांच्या विमानात बारा माणसं. बँडवाल्यांनी एकेकाने तीन तीन खिडक्या घेतल्या. खाली तासन् तास नुसतं निळं पाणी होतं, आणि मग त्या निळ्यात कोणीतरी नखाने ओरखडा काढावा तसा एक पांढरा पट्टा दिसला. फालक मास्तर म्हणाले, "हा देश?" कुमुदिनीला फलकावरचा तो स्थिर अंक आठवला. तो अंक इतका मोठा होता, आणि जागा एवढीशी.

तीस तारखेला सकाळी अकरा वाजता तिमोआचा सगळा देश धावपट्टीच्या कडेला जमला होता. बेटावर सपाट मोकळी जागा तेवढी एकच. सीनाने गळाभेट घेतली, भाकरी खाल्ली, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी मागितली, आणि कामाला लागली. कोळी होड्या ओढून काठावर येत होते, कारण पाण्यावर तरंगणाऱ्याचं हृदय केबलला ऐकू येत नाही. दवाखान्यातले आजारी खाटेसकट जमिनीवर होतेच. धावपट्टीच्या टोकाला फलक लावलेला होता. ९,९९७. शेवटची होडी लागली, तिघे उतरले.

१०,०००.

बाराला अठरा मिनिटं होती. सीनाने सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. मग तिने केबलमध्ये ऐकू येणारा आवाज कर्ण्यावर लावला.

कुमुदिनीने गेले काही महिने आकडे पाहिले होते. आवाज कधी ऐकला नव्हता. तो ढोलासारखा नव्हता. वाळूवरून लाट मागे जाताना बारीक खडे एकमेकांवर घासतात, तसा होता, फक्त न थांबणारा. सीनाने बटण फिरवलं आणि तो मोठा होत गेला. शेजारचा देश त्यात मिसळला, मग त्या पलीकडचा खंड, मग बाकीचे, आणि तो आवाज इतका जाड झाला की तो ऐकू येतोय की अंगाला लागतोय ते कळेना. नऊशे कोटी. यातला भारत कुठला आणि तिमोआ कुठला, हे कुठल्याच कानाला सांगता आलं नसतं. टेंभुर्ड्यात या घडीला आई चूल पेटवत असेल. ती यात होती. आखातातली ती कुंडीवाली बाई यात होती. अण्णांनी जमिनीवर हात टेकला होता आणि तो उचलायचं ते विसरून गेले होते.

मग सीनाने आवाज पुन्हा तिमोआवर आणला, आणि त्याच वेळी फलकावरचा अंक बदलला.

९,९९९.

काठावरून एकही होडी सुटली नव्हती.

दहा हजार माणसांना एकाच क्षणी समजलं, की आपल्यातलं कोणीतरी आत्ता मेलं. कोण ते समजलं नाही. प्रत्येकाने आधी आपल्या उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. बायांनी पोरांच्या छातीवर हात ठेवले. कुमुदिनीने स्वतःचे बारा मोजले. मग पुन्हा मोजले. दवाखान्याच्या बाजूने एक नर्स बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

बाराला सहा मिनिटं. सीना फलकाखाली उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती पुन्हा सगळं मोजत होती, जन्म, मृत्यू, होड्या, खाटा.

"एकच कमी पडतोय ना?" अण्णा कुमुदिनीला म्हणाले. "मग एक आण. कुठूनही आण. तीन निवडणुका काढल्या मी, एखादा माणूस कुठंतरी बसलेला असतोच. डोकं चालव."

कुमुदिनीने धावपट्टीकडे पाहिलं. तिथे विमान उभं होतं. विमानाच्या पुढच्या काचेमागे काळा चष्मा लावलेला एक माणूस बसला होता. विमानाखाली रबराची जाड चाकं होती, हवा भरलेली, धक्के गिळायला बनवलेली. इतका बारीक धक्का त्यातून खाली उतरणं शक्यच नव्हतं.

ती धावली. शिडी चढली.

कॅप्टन मानू तिमोआचाच होता. तीन वर्षं दर आठवड्याला तो लोकांना घेऊन जात होता. स्वतःच्या बायकोपोरांना त्याने सगळ्यांत आधी नेलं होतं. तेव्हापासून तो इथे आला की विमानातून खाली उतरत नसे. लोकही त्याच्याशी बोलत नसत.

"एक कमी आहे," कुमुदिनी धापा टाकत म्हणाली. फोनने ते त्याच्या भाषेत सांगितलं.

"मला दिसत आहे. परंतु माझी गणना येथे होत नाही," फोन म्हणाला. "मी येथला राहिलेलो नाही."

"मी तरी कुठली आहे? मी केळीच्या गावची आहे. मला मोजलंय. उतरा."

"ते माझ्याकडे पाहतील."

"पाहू देत ना! चार मिनिटं आहेत, कॅप्टन. पुढली दहा वर्षं पाहायला तरी देश राहू द्या."

त्याने चष्मा काढला. त्याचे डोळे बरेच दिवस न झोपलेल्या माणसाचे होते. कुमुदिनी त्याच्या आधी उतरून जमिनीवर उभी राहिली. विमानालाच लटकलेल्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर तो बसला आणि बूट काढायला लागला. त्याची काहीच गरज नव्हती, बुटांतूनही धक्का उतरतो, पण कुमुदिनीने त्याला सांगितलं नाही. त्याने मोजे काढले, ते बुटांत खोचले. मग एक पाय खाली ठेवला. मग दुसरा.

यंत्राला नवीन लय वेगळी काढायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट दहा हजार माणसं त्याच्याकडे पाहत होती आणि तो जमिनीकडे.

१०,०००.

मग बारा वाजले. फलकावरचा आकडा हिरवा झाला आणि गोठला. समुद्राकडून वारा येत होता, तेवढाच आवाज. सीना खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अण्णा हळूच कुमुदिनीच्या बाजूला आले.

"विचार त्या पोरीला," ते म्हणाले. "कोण गेलं?"

सीनाने सांगितलं. उलु नावाचे आजोबा, बेटावरचे सगळ्यांत म्हातारे. घर तीनदा मागे सरकवलं, पण बेट सोडलं नाही. कॅप्टनने त्यांच्यासाठी अकरा वेळा खिडकीची जागा राखून ठेवली होती. अकरा वेळा ती रिकामी गेली. टेकडीवर त्यांनी आपली जागा स्वतः खणून ठेवली आहे. चढण मोठी आहे आणि खांदा द्यायला तरणी माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

"माणसं ना?" अण्णा म्हणाले, आणि टोपी नीट केली. "ते आपल्याकडे आहेत. सांग तिला."

चार वाजता विमान परत मुंबईला निघायचं होतं. ते निघालं नाही. पायवाट टेकडीच्या कडेने वर जात होती आणि तिच्यावरून सगळा देश एका ओळीत चालला होता. पुढे खांद्याला बँडवाले चौघे होते, त्यांच्या मागे बदलीला अण्णा आणि फालक मास्तर. उजव्या दांडीला, बँडवाल्याच्या पुढे, कॅप्टन होता. तो अजून अनवाणीच होता. वाटेत धारदार पोवळ्याचे खडे होते, आणि तो प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवत होता.